पूलमधील नेम

पूल हा बिलियर्ड्सच्या जातीचा खेळ. त्याच्या टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, मारलेल्या पांढऱ्या बॉलने दुसरा बॉल ठरलेल्या पॉकेटमध्ये घालवायचा तर पांढरा बॉल कोणत्या रेषेवरून सोडायचा, हे ठरवणे म्हणजे नेम धरणे. काही खेळाडू ही रेषा नजरेने पकडतात. कोन मोजत नाहीत, खुणा शोधत नाहीत. असंख्य शॉट मारून मुरलेला अंदाज हाच त्यांचा आधार. काही जण पद्धतीने जातात: बॉलवरचे ठरावीक बिंदू, कडा आणि मध्य जुळवून रेषा काढतात. कोणता मार्ग बरोबर, हा वाद जुना आहे आणि अमेरिकेत तो बराच कडवटपणे लढला गेला. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूच्या हातून दोन्ही गोष्टी होतात. पद्धत नजरेला योग्य जागेच्या जवळ आणून सोडते. शेवटची मिलिमीटरभर दुरुस्ती नजरच करते.

मिलिमीटर हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिमी. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण दोन बॉल शेजारी शेजारी मावतील एवढे. बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल, तर त्याच्या दिशेत दोन्ही बाजूंना सुमारे दीड अंशाची चूक खपते. ही सूट बरी वाटते, पण पांढऱ्या बॉलपर्यंत येताना ती फार आक्रसते. सरळ शॉटला पांढरा बॉल आपल्या रेषेपासून दीड मिलिमीटर सरकला तरी चालतो. पण बॉल सरळ न घालवता कोनात वळवायचा, म्हणजे ‘कट’ मारायचा, तर ४५ अंशांच्या कटला ही मुभा जेमतेम एक मिलिमीटर राहते आणि ६० अंशांच्या कटला पाऊण मिलिमीटर. पातळ कट, म्हणजे बॉलच्या कडेजवळ निसटते लागणारे शॉट, इतके चुकतात ते यामुळे.

शिकवताना बहुतेक ठिकाणी सुरुवात ‘घोस्ट बॉल’पासून होते. धडकेच्या क्षणी पांढरा बॉल जिथे असायला हवा, तिथे एक काल्पनिक बॉल ठेवायचा. पॉकेटपासून निघून लक्ष्य बॉलच्या मध्यातून जाणारी रेषा मागे वाढवली, की तिच्यावर लक्ष्य बॉलच्या मध्यापासून बरोबर एका व्यासाच्या अंतरावर या काल्पनिक बॉलचा मध्य येतो. पांढऱ्या बॉलचा मध्य तिथे न्यायचा. भूमिती निर्दोष आहे. अडचण एवढीच, की हिरव्या कापडावर त्या जागी काहीच नसते आणि रिकाम्या जागेवर नेम धरायला डोळा सहज तयार होत नाही.

म्हणून नवशिका दिसणाऱ्या गोष्टीवर, म्हणजे स्पर्शबिंदूवर नेम धरतो आणि फसतो. लक्ष्य बॉलवर पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला जो बिंदू असतो, तिथे धडक व्हायला हवी हे खरे. पण पांढऱ्या बॉलचा मध्य त्या बिंदूच्या रोखाने सोडला, तर मध्य तिथवर पोहोचण्याआधीच बॉलची बाजू लागते. धडक जाड, म्हणजे हवी त्यापेक्षा मध्याजवळ, होते. ३० अंशांचा कट हवा असताना जेमतेम १५ अंशांचा मिळतो. उपाय सोपा आहे: खेळाडूच्या बाजूने पाहताना लक्ष्य बॉलच्या मध्यापासून स्पर्शबिंदू जितका बाजूला दिसतो, त्याच्या दुप्पट अंतरावर नेम धरायचा. ही दुपटीची युक्ती घोस्ट बॉलचीच भूमिती आहे, फक्त डोळ्याला पकडायला काहीतरी देणारी.

या दुपटीतूनच हाफ बॉल शॉट निघतो. कट ३० अंशांचा असेल, तेव्हा दुप्पट अंतर बरोबर लक्ष्य बॉलच्या कडेवर येते. पांढऱ्याचा मध्य समोरच्याच्या कडेवर धरला, की झाले. नेमाच्या साऱ्या पद्धतींत इतकी पक्की खूण दुसरी नाही. याच धर्तीवर पांढऱ्याआड लक्ष्य बॉलचा पाऊण भाग झाकला तर साडेचौदा अंश, पाव बॉल झाकला तर साडेअठ्ठेचाळीस अंश, असे भाग पाडून नेम धरणारे अनेक आहेत. मधल्या कोनांसाठी ‘हाफपेक्षा किंचित पातळ’ अशी दुरुस्ती करावी लागते. तिथे अंदाज आलाच.

हाफ बॉलचे महत्त्व पूलच्या आधी इंग्लिश बिलियर्ड्सने ओळखले. लोळत येणारा पांढरा बॉल हाफ बॉल लागल्यावर मूळ दिशेपासून सुमारे ३४ अंश वळतो आणि धडक थोडी जाड-पातळ झाली तरी हे वळण फारसे बदलत नाही. दुसऱ्या बॉलला लागून आपला बॉल पॉकेटमध्ये घालवणारा ‘इन-ऑफ’ या स्थिर कोनावर उभा आहे. पुण्यात जन्मलेले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेते झालेले विल्सन जोन्स, त्यांच्यानंतर तीनदा तो किताब जिंकणारे मुंबईचे मायकेल फरेरा, हे या खेळाचेच. भारतात पूलच्या आधी बिलियर्ड्स आणि स्नूकर रुजले, त्यामुळे आपल्याकडे पूलमध्येही ‘हाफ’, ‘फुल’, ‘थिन’ हीच भाषा सर्रास चालते.

कॅरम खेळून आलेल्या मराठी मुलांना कट समजावून सांगावा लागत नाही, पण एक फरक त्यांना नडतो. पूलमध्ये दोन्ही बॉल सारखे असतात. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा: नियमानुसार स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंमी, सोंगटीचा ३.१८ सेंमी. या मापांत स्ट्रायकरचा मध्य सोंगटीच्या कडेवर धरला, तर कट ३० नव्हे, २६ अंशांच्या आसपास मिळतो. कॅरमवर घोटलेली नजर पूलच्या टेबलावर सुरुवातीला थोडी चुकीची माहिती देते. ती पुन्हा बसवावी लागते.

आता भूमिती जिथे अपुरी पडते तिथे येऊ, कारण नेमाचा खरा कस इथे लागतो. बॉल एकमेकांना लागतात तेव्हा त्यांच्यात घर्षण होते आणि लक्ष्य बॉल पांढऱ्याच्या सरकण्याच्या दिशेने किंचित ओढला जातो. याला ‘थ्रो’ म्हणतात. त्यामुळे कट भूमितीने सांगितल्यापेक्षा जाड होतो. फटका हळू असेल, बॉलला पुढचा-मागचा फिरकाव नसेल आणि कोन हाफ बॉलच्या आसपास असेल, तर थ्रो मोठा असतो. बॉल मळलेले असले तर आणखी. तीन अंशांचा थ्रो एक मीटरवर ५२ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ एक बॉल. नेम अचूक असूनही बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून परत येतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. कटच्या बाहेरच्या बाजूचा माफक स्पिन दिला, तर दोन बॉलचे पृष्ठभाग दातेरी चाकांसारखे एकमेकांवरून फिरतात आणि थ्रो नाहीसा होतो.

स्पिन दिला की दुसरा प्रश्न उभा राहतो. पांढऱ्या बॉलला उजवीकडे मारले, तर तो क्यूच्या रेषेच्या किंचित डावीकडे निघतो. क्यू थोडा वर उचललेला असेल तर वाटेत परत उजवीकडे वळतो. हे किती होणार, ते वेग, अंतर, कापड आणि क्यूच्या टोकाच्या वजनावर ठरते. १९९० च्या दशकात टोकाकडे हलके केलेले शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) बाजारात आले ते हे विचलन कमी करण्यासाठी. कमी होते, संपत नाही. इतक्या बदलत्या गोष्टी एकाच वेळी सूत्रात बसवून, फटक्याआधीच्या काही सेकंदांत सोडवणारा खेळाडू नाही. हा हिशेब सरावाने अंगात मुरतो.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘सेंटर टू एज’ पद्धतीवर. अमेरिकी शिक्षक हॅल हूल यांनी ती शिकवली आणि स्टॅन शफेट यांनी पुढे तपशिलात बांधली. खेळाडू उभा असतानाच पांढऱ्याच्या मध्यापासून लक्ष्य बॉलच्या कडेपर्यंतची एक रेषा आणि पांढऱ्याच्या कडेपासून लक्ष्य बॉलवरच्या ठरावीक खुणेपर्यंतची दुसरी रेषा एकाच वेळी पाहतो. मग खाली वाकताना क्यू अर्ध्या टिपइतका (टिप म्हणजे क्यूचे बॉलला लागणारे टोक) बाजूला ठेवून मध्याकडे फिरवतो. समर्थकांचा दावा असा, की मोजक्या जुळवण्यांतून सगळे शॉट मिळतात, अंदाज लागत नाही. टीकाकारांचा आक्षेप सरळ आहे: ठरावीक जुळवण्यांतून ठरावीकच कोन निघू शकतात, आणि टेबलावर कोन तर शून्यापासून नव्वदपर्यंत सलग असतात. मग मधले कोन येतात कुठून? नजर नकळत दुरुस्ती करते, हेच उत्तर पटण्यासारखे आहे. तरीही ही पद्धत निरुपयोगी म्हणता येत नाही. ती खेळाडूला प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच जागी उभे राहायला लावते आणि खाली वाकल्यावर नेम बदलत बसण्याची खोड मोडते. तिच्यामुळे अनेकांचा खेळ खरोखर सुधारला, आणि त्यामागे बहुधा ही शिस्त आहे.

अंदाज म्हणजे बेफिकिरी नव्हे, हेही दाखवून देता येते. २००२ मध्ये विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिच या संशोधकांनी बिलियर्ड्स खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. फटक्याआधी नजर एका जागी शेवटची जी स्थिरावते, तो काळ कुशल खेळाडूंमध्ये अधिक निघाला. अवघड शॉटला तो वाढला आणि यशस्वी शॉटला तो अधिक होता. म्हणजे ‘सहज’ खेळणारा खेळाडू शेवटच्या क्षणी जास्त वेळ आणि जास्त शांतपणे पाहत असतो.

पाहण्यात डोळ्यांचाही फरक असतो. क्यू हनुवटीच्या बरोबर मधोमध हवा, असे सर्वांना सांगणे चूक आहे. स्नूकरचे जो डेव्हिस क्यू डाव्या डोळ्याखालून चालवत आणि त्यांनी १९२७ ते १९४६ या काळात पंधरा जागतिक किताब जिंकले. ज्या जागी डोके ठेवल्यावर सरळ शॉट सरळ दिसतो, ती आपली जागा. ती एकदा सापडली की बदलायची नाही.

पद्धत बदलण्याआधी मात्र एक तपासणी करावी. नेम बरोबर आणि हात वाकडा, ही जोडी फार आढळते, आणि ती नेमाच्या खात्यावर लिहिली जाते. टेबलाच्या लांबीच्या मध्यरेषेवर फक्त पांढरा बॉल ठेवावा, त्याच्या बरोबर मध्यावर मध्यम वेगाने मारावे आणि समोरच्या गादीवरून परत येताना तो थेट क्यूच्या टिपवर येतो का ते पाहावे. फटक्यानंतर क्यू जागचा हलवू नये. बॉल दर वेळी एकाच बाजूला परत येत असेल, तर टिप मध्यावर लागत नाही आणि नकळत साइड (बाजूचा स्पिन) दिला जातो आहे. इथे लक्ष्य बॉल नाही, कट नाही, कोन नाही. हा शॉट सरळ येईपर्यंत घोस्ट बॉल की हाफ बॉल, या चर्चेला हातच घालू नये.