गाठ चकाकली, पण कशानं?

गेवराईकडच्या आमच्या मामांना गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, लाईट (किरणोपचार) झाली. वर्षभरानं पेट स्कॅन केला, तर छातीतल्या गाठी साखर खेचतायत, आजार पसरला असण्याची शक्यता आहे, अशी ओळ रिपोर्टात आली. मामींनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "म्हंजे परत आलं का ते?" एवढंच विचारायच्या. मग दुर्बिणीतून सुई घालून गाठीचा नमुना काढला. निघाला टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला यात दोष देता येत नाही. हे यंत्र मुळात काय बघतं, ते समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं. जर्मनीतल्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं संपवतात. नंतर अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ग्लुकोजच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलं गेलं, आणि १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते औषध, एफडीजी, पहिल्यांदा माणसाला टोचलं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढं पचवू शकत नाही. ते आतच अडकतं आणि स्कॅनमध्ये ती जागा चकाकते. पुढं पेट आणि सीटी एकाच यंत्रात आले. पिट्सबर्गमधलं पहिलं नमुना यंत्र १९९८ चं. भारतात पेटची सुरुवात २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला झाली.

म्हणजे स्कॅनला दिसते ती साखरेची भूक. कॅन्सर दिसतो तो त्या भुकेवरून ओळखलेला. आणि भूक काही एकट्या कॅन्सरलाच नसते. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांमधल्या गाठींचे बारीक काप तपासले. गाठीत शिरलेल्या संरक्षक पेशी आणि जखम भरताना येणारी नवी ऊती यांनी एफडीजी कॅन्सरच्या पेशींपेक्षाही जास्त घेतलेलं आढळलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान वाटतं, कारण टीबीची गाठ म्हणजे याच संरक्षक पेशींचा गोळा.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्या मराठवाड्यात तंबाखू, गुटखा, सुपारी यांनी तोंडाचे कॅन्सर होतात, आणि त्याच माणसाच्या छातीत कधीकाळी झालेला टीबीही असू शकतो. दोन्ही एकाच फिल्मवर सारखेच चमकू शकतात. याखेरीज लाईटनंतरची सूज, पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननं कामाला लागलेली अस्थिमज्जा (हाडांतला मगज), दंडाला घेतलेल्या लसीनंतर काखेत सुजलेल्या गाठी, हेही चकाकतं. कोरोनाच्या लसीकरणात हा शेवटचा प्रकार जगभर दिसला. कामाला लागलेले स्नायूही चकाकतात, म्हणून तर एफडीजी टोचल्यानंतर तासभर गप्प बसवतात. नुसतं बोललं तरी घशाचे स्नायू साखर घेतात.

औषधाचंही घड्याळ असतं. फ्लोरिनची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. साडेपाच तासांत आठवा हिस्सा उरतो. परभणी-हिंगोलीच्या पेशंटला अमुक वेळेलाच या, असं बजावतात त्यामागं हे कारण असतं.

घाई न करणं हाही उपाय आहे. मान-घशाच्या कॅन्सरवर केमो आणि लाईट एकत्र दिलेल्या ५६४ रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यावर १२ आठवडे थांबून स्कॅन केलेल्या गटात मानेच्या ५४ शस्त्रक्रिया लागल्या, तर आधीच ठरवून ऑपरेशन करायच्या गटात २२१ झाल्या. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच राहिलं. यंत्र निरुपयोगी नाही, उलट फार कामाचं आहे. पण सूज ओसरू द्यावी लागते. आणि स्कॅनच्या आधी जुना टीबी, नुकतीच घेतलेली लस, मधुमेहाच्या गोळ्या, सगळं सांगावं. फाईल जाड असली तरी जुने कागद सोबत न्यावेत.

अशा रिपोर्टच्या तळाशी बहुधा एक इंग्रजी ओळ असते: पेशीतपासणीशी ताडून पाहावे. मामांच्या रिपोर्टातही ती होती, दुसऱ्या पानावर. डॉक्टरांनी तिच्यावरच बोट ठेवलं आणि सुईची तारीख लिहून दिली.