वाळूविरहित प्रवाळ मत्स्यालय (मराठवाडा)

खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाला वाळूचा थर न घालता प्रवाळ व मासे पाळण्याची पद्धत. हौशी मंडळींत ती ‘बेअर बॉटम’ म्हणून चालते. तळाची काच उघडीच राहते. दगडांच्या भाराने ती तडकू नये म्हणून फार तर प्लास्टिकची शीट अंथरतात.

वाळूत माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य अडकून कुजते, त्यातून नायट्रेट व फॉस्फेट पाण्यात उतरतात. उघड्या तळावर हीच घाण डोळ्यांना दिसते. उडायला वाळू नसल्याने पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत जोरात ठेवता येतो. गाळ एखाद्या कोपऱ्यात जमतो आणि तिथून सायफनने ओढून घेतात. ॲक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना असा प्रवाह मानवतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सच्छिद्र दगडांवर वाढतात, बाकीची भिस्त प्रोटीन स्किमरवर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसासोबत पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्रावर.

मराठवाड्यात या छंदाचे गणित पाण्यापाशी येऊन अडते. बोअरचे पाणी बहुधा जड. पिण्याच्या जारमध्ये क्षार कमी असले तरी शून्य नसतात. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांतून) पाणी काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणतात आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवतात (सामान्य मीठ चालत नाही). आरओचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला, झाडांना जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ही उधळपट्टी कुणाच्याही नजरेत भरणारच. सायफन करताना खारे पाणीही जाते, ते दर वेळी नव्याने बनवणे परवडत नाही. त्यामुळे सायफनची नळी बारीक विणीच्या पिशवीत सोडून गाळलेले पाणी परत टाकीत घेणे इथे शहाणपणाचे.

प्रवाळांना २५–२६ अंश सेल्सिअस लागते, आणि मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशीपार असतो. हवा कोरडी असल्याने पृष्ठभागावर पंखा लावला की कूलरच्या तत्त्वाने पाणी दोन-तीन अंश उतरते. तापलेल्या खोलीत तेवढे पुरत नाही, चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावाच लागतो. बाष्पीभवनात मीठ मागेच राहते, म्हणून भर रोज गोड्या आरओ पाण्याचीच घालायची.

लाइट गेल्यावर प्रवाह थांबतो. वाळूतले जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढत राहतात. वाळू नसली तर तेवढा भार कमी, तरी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

वाळूत पुरून झोपणारे काही रॅस मासे व बिळे करणारे जॉफिश अशा टाकीत ठेवू नयेत. गुलाबी कोरलाइन शैवाल पसरेपर्यंत टाकी प्रयोगशाळेतल्या भांड्यासारखी उघडीबोडकी दिसते. घरच्यांची पहिली तक्रार बहुधा हीच.

भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या सहलीत समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो.