कापसाच्या खोलीतली खंजिरी

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्यानं एक जुना कीबोर्ड विकत आणला. वरातीत गाडीवर बांधलेला असतो तसला नाही, ज्याला ‘वर्कस्टेशन’ म्हणतात तसला. बाहेरचे आवाज आत घ्यायचे, त्यांना घासूनपुसून वाजवण्याजोगे करायचे आणि एकेका वाद्याचा पदर चढवत गाणं उभं करायचं, हे सगळं एकाच यंत्रात होतं, कॉम्प्युटर लागत नाही. त्यात आधीच भरलेले शेकडो आवाज होते. पियानो, व्हायोलिनांचा ताफा, गिटारी, झालंच तर सतार आणि तबलासुद्धा. फक्त खंजिरी नव्हती.

वर्धा-अमरावतीकडच्या माणसाला हे खटकणारच. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ज्या खंजिरीवर गावंच्या गावं जागवली, ती आमच्याकडे आजही भजनी मंडळाच्या खुंटीला टांगलेली असते. पोट्टा म्हणाला, ‘‘काका, नसली तं नसली. आपण भरू.’’ शेजारचे काकाजी चाळीस वर्षांपासून खंजिरी वाजवतात. त्यांना बोलावलं आणि ओसरीत माइक लावून थेट कीबोर्डमध्ये आवाज घ्यायला बसलो.

आवाज ‘आत घेणं’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. खंजिरीवर थाप पडली की कातडं थरथरतं आणि हवा दाबली जाते, सैल होते. माइक त्या दाबाच्या चढउताराचा विजेचा चढउतार करतो. यंत्र ठरावीक वेळानं त्या विजेची उंची मोजून आकडा लिहून ठेवतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. यंत्रात खंजिरी नसते, विजेच्या उंचीच्या आकड्यांची लांबच लांब रांग असते. या रांगेलाच सॅम्पल म्हणायची पद्धत आहे.

४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादं कंपन नेमकं पकडायचं तर सेकंदाला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त मोजण्या लागतात. हॅरी नायक्विस्टच्या १९२८ च्या कामात या नियमाची मुळं आहेत, आणि क्लॉड शॅनननं १९४९ मध्ये तो पक्का मांडला. म्हणजे चाळीस हजाराच्या वर काहीतरी हवंच होतं. नेमका आकडा मात्र व्हिडिओ टेपनं ठरवला. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच सोयीची होती. तिच्यावर चित्राच्या एका ओळीत तीन मोजण्या, वापरात येणाऱ्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० वेळा ते चक्र, असा हिशेब बसला. गुणाकार करून पाहा.

मोजण्या कमी पडल्या तर नुसता आवाज मंद होतो असं नाही, भलताच आवाज तयार होतो. फिरत्या पंख्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला की पाती कधी उलटी फिरताना दिसतात, तसंच इथं होतं. ३०,००० हर्ट्झचं कंपन कानाला ऐकू येत नाही. पण ते ४४,१०० च्या मोजणीत शिरलं तर १४,१०० हर्ट्झची शीळ होऊन बाहेर पडतं. म्हणून मोजणीच्या आधी एक गाळणी लावलेली असते.

आमच्या कीबोर्डमध्ये मोजणी निम्मी करून जागा वाचवायचा पर्याय होता. पुतण्यानं तो लावून पाहिला. थाप तशीच राहिली, पण खंजिरीच्या झांजांची चमक गेली, कारण आता ११,०२५ हर्ट्झच्या वरचं काही उरलंच नव्हतं. त्याला फरक लगेच कळला. मला कळला नाही. पन्नाशी उलटल्यावर कानाचा वरचा मजला हळूहळू रिकामा होतो, आणि हा पुरावा मला नको होता.

तर तासभर खपून चौदा थापा घेतल्या आणि लाइन गेली. पाच मिनिटांनी आली तेव्हा यंत्रात एकही थाप नव्हती. अशा जुन्या यंत्रात ताजं सॅम्पल आधी चालू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये बसतं. ही स्मृती विजेवर जगते. पुसलं जाऊ नये असं वाटत असेल तर ते डिस्कवर किंवा कार्डवर वेगळं जतन करावं लागतं. कारखान्यातून भरून आलेले पियानो-सतार मात्र कायमच्या स्मृतीत कोरलेले असतात, त्यांना लाइनीशी देणंघेणं नसतं. काकाजींनी खंजिरी पिशवीत घातली आणि ‘‘उद्या पाहू’’ म्हणून निघून गेले.

खरं सांगायचं तर त्या चौदा थापा गेल्या ते बरंच झालं. हेडफोनवर ऐकताना प्रत्येक थापेमागे पंख्याची घरघर आणि विजेच्या तारांमधून शिरलेली ५० हर्ट्झची गूंज होती. शिवाय ओसरीच्या भिंतींचा प्रतिध्वनी. एखाद्या भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो गोड वाटतो, सॅम्पलमध्ये मात्र विष आहे. कोरड्या आवाजात प्रतिध्वनी नंतर हवा तेवढा मिसळता येतो, पण चिकटलेला प्रतिध्वनी पुरता सोलून काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कल आली. चढ्या भावाच्या आशेनं दादानं यंदा कापूस विकला नव्हता, मधली खोली छताला टेकेल इतकी भरली होती. त्या ढिगात दोन माणसं आणि एक सतरंजी मावेल एवढी जागा केली आणि लोडशेडिंगची वेळ गाठून, सेलवर चालणारा उसना रेकॉर्डर घेऊन आत बसलो. पंखा नाही, फ्रिज नाही, गावातली चक्की बंद. काकाजींनी टाळी वाजवली आणि ती त्यांच्या हातातच विरली. कापसाच्या तंतूंमध्ये हवेचं कंपन घासत-घासत उष्णतेत संपतं. ५,००० हर्ट्झची लहर जेमतेम सात सेंटीमीटर लांब, ती अशा ढिगात सहज मरते. १०० हर्ट्झची लहर मात्र सव्वातीन मीटरपेक्षा लांब असते, तिला पातळ थर पुरत नाही. स्टुडिओवाले भिंतीला चार बोटं फोम लावून जे साधतात त्याहून आमचा ढीग सरस होता, असं मी अजूनही म्हणतो.

एकच थाप घेऊन भागत नाही. हळू वाजवलेली खंजिरी म्हणजे जोरात वाजवलेल्या खंजिरीचा आवाज कमी केलेला, असं नसतं. जोराच्या थापेत वरची कंपनं जास्त येतात, झांजा वेगळ्या खडखडतात. म्हणून हळू, मधम आणि जोरात अशा तिन्ही थापा घेतल्या, त्याही चार-चार वेळा. कुठली थाप वाजवायची हे यंत्राला बोटावरून कळतं. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात, पट्टी दाबताना एक आधी जुळतो, दुसरा नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका मार जोराचा. यंत्र बोटाचा दाब मोजत नाही, वेग मोजतं. त्या वेगाला १ ते १२७ मधला आकडा मिळतो आणि त्यावरून तिन्हींपैकी एक थाप निवडली जाते.

मग गंमत सुरू झाली. एकच सॅम्पल सगळ्या पट्ट्यांवर पसरलं की वरच्या पट्टीवर ते आकडे भरभर वाचले जातात, खालच्या पट्टीवर सावकाश. पांढरी एकवरून काळी एकवर गेलं की वेग सुमारे ५.९ टक्क्यांनी वाढतो, बारा पट्ट्यांनी बरोबर दुप्पट होतो. त्यामुळे वरच्या सप्तकात खंजिरीचं पैंजण झालं आणि खालच्या सप्तकात एक भारदस्त, अनोळखी डफडं. तालवाद्याला हे चालून जातं. गळ्याला नाही. वहिनीच्या ओवीतला एक ‘आ’ घेऊन पाहिला, तर आठ पट्ट्या वर तो डासासारखा झाला, कारण सुराबरोबर घशाची आणि तोंडाची घुमणूकही वर सरकते. चांगल्या यंत्रात दर तीन-चार पट्ट्यांना वेगळं सॅम्पल असतं ते यासाठीच.

लांबणाऱ्या सुराची अडचण वेगळी. वहिनीचा ‘आ’ दोन सेकंदांचा आणि पट्टी तर दहा सेकंद दाबून धरायची. मग मधला एक तुकडा रहाटगाडग्यासारखा फिरता ठेवायचा, याला लूप म्हणतात. जोड नीट नसला तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ ऐकू येतं. लहर शून्याला छेदून वर चढते अशा दोन जागा शोधून टोकं जुळवायची, एवढंच तंत्र. पुतण्यानं त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली.

पट्टी दाबली की दुसऱ्याचा साठवलेला आवाज वाजावा, ही हौस जुनी आहे. १९६३ मध्ये इंग्लंडात आलेल्या मेलोट्रॉन नावाच्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची फीत असायची, सुमारे आठ सेकंदांची. ती संपली की सूर संपला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट नावाचं यंत्र आणलं आणि टेपची जागा आकड्यांनी घेतली. १९८८ च्या कॉर्ग एम-वन या कीबोर्डमुळे वर्कस्टेशन सामान्य वादकाच्या नजरेत भरलं. त्यातले सगळे आवाज ४ मेगाबाइटमध्ये बसवले होते, आणि बाहेरचा आवाज घेण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

गाणं रचायचं काम करतो तो सीक्वेन्सर. तो आवाज साठवत नाही. भजनाच्या वहीत गळा नसतो, काय कधी म्हणायचं तेवढं असतं, तसा तो कोणती पट्टी, कधी, किती वेगानं, एवढंच टिपतो. ही भाषा म्हणजे मिडी, १९८३ पासून चालत आलेली. एक सूर सुरू करायला तीन बाइट, बंद करायला तीन. चार मिनिटांच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला सव्वाचार कोटी बाइट लागतात. त्याच गाण्याची ही ‘वही’ काही हजारांत आटोपते. शिवाय वहीत खाडाखोड करता येते. गाणाऱ्याला काळी चार झेपली नाही तर दोन पट्ट्या खाली उतरवा, लय मिनिटाला ८० मात्रांवरून ९० करा, अंतरा उचलून ध्रुवपदाआधी ठेवा.

याच सीक्वेन्सरमध्ये ‘क्वांटाइझ’ नावाचं बटण असतं. मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका ते जवळच्या चौकटीवर ओढून बसवतं. पोळ्याच्या गाण्यासाठी पुतण्यानं बैलांच्या घुंगरमाळा आणि खंजिरी यांचा ठेका बांधला आणि हे बटण पूर्ण दाबलं. ८० च्या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची, तिचा चौथा भाग १८७.५ मिलिसेकंदांचा. काकाजींची थाप यात कुठे वीस मिलिसेकंद आधी, कुठे थोडी नंतर पडत होती. ती सगळी सरळ झाली. त्यांनी ऐकून तोंड वाकडं केलं, ‘‘हे तं पिठाच्या चक्कीवानी वाजून रायलं रे.’’ पुतण्यानं बटणाचा जोर निम्म्यावर आणला. ते मान हलवायला लागले, तेव्हा त्यानं हात काढला.

आता पेन ड्राइव्हवर काकाजी-हळू, काकाजी-मधम, काकाजी-जोर अशा फायली आहेत, तिन्हींच्या दोन-दोन प्रती. एक चौथीही आहे. कापसाच्या खोलीत अकरावी थाप घेत असताना वहिनीनं दार उघडून विचारलं होतं, ‘‘च्या ठेवू का वो काकाजी?’’ पुतण्यानं ते खोडलं नाही, शेवटच्या, एकसष्टाव्या पट्टीवर बसवून टाकलं. भजनाची तालीम लांबली की कुणीतरी हळूच ती पट्टी दाबतं.