हाड अडकलंच नव्हतं

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात आम्ही लग्नाला बाहेरगावी गेलो आणि आमच्या कुत्र्याला, बंट्याला, चार दिवस कुत्र्यांच्या बोर्डिंगला ठेवला. आणला तेव्हा एकदम टकाटक होता. पाचव्या दिवशी रात्री दीड वाजता सुरू झालं, मान पुढे ताणून भोंगा वाजल्यासारखा कोरडा ठसका, मग ओकारी, आणि फरशीवर जरासा पांढरा फेस. शेजारचे काका उठून आले नि म्हणले, "हाड अडकलंय ओ, बोट घालून काढा की." मोबाईलचा टॉर्च लावून जबडा उघडला, आत काहीच नाही, उलट बोट चावून घेतलं ते वेगळंच.

सकाळी डॉक्टरांनी दोन बोटांनी श्वासनलिका हलकीच दाबली, लगेच तोच ठसका. बोर्डिंगचं सांगितल्यावर म्हणले, केनल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. खरंच हाड अडकलं तर कुत्रं सारखी लाळ गाळतं, पंजानं तोंड ओरबाडतं, गिळताना अडखळतं. आमचं ध्यान तर खोकत खोकत भाकरी खात होतं.

केनल कफ म्हणजे एकच जंतू नाही, गँग आहे. पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनोव्हायरस, कुत्र्यांचा फ्लू, मायकोप्लाझ्मा, आणि बोर्डेटेला, जो माणसांतल्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा सख्खा चुलत भाऊ. श्वासनलिकेला आतून बारीक केसांची लव असते, आपल्या सोलापुरी टॉवेलला असते तशी, फक्त ही सतत हलत असते आणि धूळ, कफ वर घशाकडे ढकलत राहते. बोर्डेटेला नेमका या केसांना चिकटतो आणि त्यांचं हलणं बंद पाडतो. झाडूच थांबला की कचरा आतच राहतो, आणि त्याच्यावर दुसरे जंतू येऊन बसतात.

लागण झाल्यापासून खोकला यायला साधारण 2 ते 14 दिवस लागतात, म्हणून "काल गल्लीतल्या काळ्याशी खेळला म्हणून आज झालं" हा हिशोब बहुतेक वेळा चुकतो. धडधाकट कुत्रं बहुतेक आठ-दहा दिवसांत सावरतं, ठसका मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. दरवेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, व्हायरसवर ते चालतच नाही. आम्ही गळ्याचा पट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीला बांधायचा पट्टा, घातला, कारण पट्टा ओढला की लगेच ठसका, आणि रोज बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दहा मिनिटं वाफेत घेऊन बसायचो, त्याला भारी आवडायचं, मला घाम. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला त्यातून विषबाधा होते.

थांबायचं कुठवर ते कळलं पाहिजे. झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा, 30 च्या आत असेल तर ठीक. उन्हाळ्यात धापा टाकताना मोजू नका, आपल्याकडच्या उन्हात काय कळणार. ताप 103 फॅरनहाइटच्या वर, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड, खाणं बंद, मरगळ, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान पिल्लू, म्हातारं कुत्रं किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर वाटच बघू नका. आणि डोळ्यांत चिपडं, जुलाब, जबडा थरथरणं असं काही असलं तर डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची शंका घ्या, त्या व्हायरसला मारणारं खात्रीचं औषध नाही, आधी घेतलेली लस हाच बचाव.

लसीचा घोळ असा, की नाइन-इन-वनमध्ये डिस्टेंपर, अॅडिनो, पॅराइन्फ्लुएन्झा असतात, बोर्डेटेला नसतो. मी कार्ड बघून निवांत होतो, हे माहीतच नव्हतं. त्याची लस वेगळी असते. नाकात थेंब घालायची असली तर साधारण तीन दिवसांत काम सुरू करते, इंजेक्शनला काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. बोर्डिंगच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. लस घेतली तरी सौम्य खोकला होऊ शकतो.

आणि माझी खरी चूक. खोकला थांबला की मी त्याला लगेच कंबर तलावाकडे फिरायला नेलं, घराखाली सगळ्या कुत्र्यांच्या सामायिक वाडग्यात पाणी पिऊ दिलं. बरं झालेलं कुत्रंही कित्येक आठवडे बोर्डेटेला पसरवू शकतं, शिंकेतून, वाडग्यातून, आपल्या हातातूनसुद्धा. डॉक्टरांनी खोकला गेल्यावरही दोन आठवडे वेगळं ठेवा म्हणून बजावलं होतं, मी ऐकलं नाही.

परवा रात्रीपासून शेजारच्या काकांची कुत्री राणी ठसकतेय. काका अजून हाडच शोधतायत, आणि मला तोंड दाखवायला लाज वाटतेय.