स्पॅनिश वाक्प्रचार : प्रारंभिक अध्ययन

स्पॅनिश भाषेत ज्या रूढ शब्दसमूहांचा अर्थ त्यांतील सुट्या शब्दांवरून लागत नाही, त्यांना ‘मोदीस्मो’ किंवा व्याकरणाच्या परिभाषेत ‘लोकुसिओन’ म्हणतात. वाक्प्रचार आणि म्हण यांच्यात मराठी जो भेद करते, तोच तेथेही केला जातो. स्वतःच पूर्ण विधान असलेल्या म्हणीला ‘रेफ्रान’ हे वेगळे नाव आहे. प्रस्तुत नोंदीतील उच्चार लॅटिन अमेरिकेतील रूढीनुसार दिले आहेत.

वाक्प्रचार ही भाषेची सजावट असून त्यांच्याकडे पुढच्या टप्प्यावर वळावे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. स्पॅनिशच्या बाबतीत तो घातक ठरतो, कारण भूक, तहान, वय, भीती, घाई यांसारख्या अगदी प्राथमिक गोष्टीही या भाषेत वाक्प्रचारांनीच सांगितल्या जातात. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे किंवा बाळगणे. त्यापासून ‘तेंगो आंब्रे’ (मला भूक लागली आहे), ‘तेंगो मिएदो’ (मला भीती वाटते), ‘तेंगो प्रीसा’ (मला घाई आहे), ‘तिएनेस रासोन’ (तुझे बरोबर आहे) अशी वाक्ये बनतात. वयही असेच सांगितले जाते : ‘तेंगो बेइंते आन्योस’, म्हणजे ‘मी वीस वर्षांचा आहे’. ‘आहे’च्या जागी स्पॅनिशमधील ‘सोय’ किंवा ‘एस्तोय’ घालण्याची नवशिक्याची सवय येथे नडते. ‘आंब्रे’ हे नाम असल्यामुळे ‘खूप भूक’ म्हणताना ‘मुई’ हे क्रियाविशेषण चालत नाही, ‘मुचा’ हे विशेषण लागते. हवामानासाठी ‘आसेर’ (करणे) हे क्रियापद योजतात. ‘आसे कालोर’ म्हणजे हवेत उकाडा आहे, तर ‘तेंगो कालोर’ म्हणजे मला उकडते आहे. हा फरक काटेकोरपणे पाळावा, कारण ‘एस्तोय कालिएंते’ असे शब्दशः रचलेले वाक्य बहुतेक ठिकाणी कामुक अर्थाने घेतले जाते.

मराठी भाषकाला या भाषेत एक मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग पुरेसा केला जात नाही. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य ‘मला कॉफी आवडते’ याच घडणीचे आहे : ज्याला आवडते तो ‘मला’च्या रूपात येतो आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते, म्हणून अनेक वस्तू आवडत असतील तर ‘मे गुस्तान’ असे अनेकवचन होते. तसेच ‘से मे कायो एल बासो’ याचे सर्वांत चपखल मराठी ‘माझ्या हातून पेला पडला’ हेच आहे. हेतू नसताना घडलेली गोष्ट, तिची जबाबदारी स्वतःवर न ओढता पण स्वतःचा संबंधही न नाकारता सांगण्याची सोय दोन्ही भाषांनी ठेवली आहे. इंग्रजी माध्यमातील पाठ्यपुस्तकांतून शिकताना ही रचना अवघड म्हणून मांडली जाते. मराठीतून थेट विचार केल्यास ती पहिल्याच वाचनात उमगते.

अलंकारिक वाक्प्रचारांपैकी थोडेच आरंभी पुरेसे आहेत. ‘तोमार एल पेलो’ (शब्दशः केस घेणे) म्हणजे थट्टा करणे, ‘मेतेर ला पाता’ (पाय घालणे) म्हणजे भलतेच बोलून किंवा करून बसणे, ‘आब्लार पोर लोस कोदोस’ (कोपरांनी बोलणे) म्हणजे अखंड बडबड करणे, ‘दार गातो पोर लिएब्रे’ (सशाऐवजी मांजर देणे) म्हणजे निकृष्ट वस्तू चांगली म्हणून गळ्यात मारणे. ‘एंत्रे ला एस्पादा ई ला पारेद’ (तलवार आणि भिंत यांच्यामध्ये) हे ‘इकडे आड, तिकडे विहीर’ याच प्रसंगी वापरले जाते, तर ‘दे ताल पालो, ताल आस्तिया’ (जसे लाकूड तशी ढलपी) हा रेफ्रान ‘खाण तशी माती’ याला जवळचा आहे. अशा शब्दसमूहांत क्रियापद काळ व पुरुषानुसार चालते, नाम मात्र गोठलेले असते : ‘मे तोमास एल पेलो’ (तू माझी थट्टा करतोस) बरोबर, पण ‘पेलो’चे अनेकवचन करता येत नाही.

काही प्रयोगांत इतिहास साठला आहे. ‘बालेर उन पोतोसी’ म्हणजे अतिशय मौल्यवान असणे. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे 1545 मध्ये चांदीच्या प्रचंड खाणी सापडल्या आणि तेथील खाणकामात अगणित मूलनिवासी मजुरांचे प्राण गेले, हे शिकवताना अवश्य सांगावे. ‘आ ब्वेनास ओरास, मांगास बेर्देस’ (आता आलात होय, हिरव्या बाह्या!) हे वेळ टळल्यावर पोहोचलेल्या मदतीला उद्देशून म्हटले जाते. 1476 मध्ये संघटित झालेल्या सांता एर्मांदाद या रक्षकदलाच्या गणवेशाशी व त्याच्या दिरंगाईशी परंपरा त्याचा संबंध जोडते. विषय सोडून भरकटणाऱ्याबद्दल ‘ईर्से पोर लोस सेर्रोस दे उबेदा’ (उबेदाच्या टेकड्यांतून जाणे) म्हणतात. उबेदा हे आंदालुसियातील खाएन प्रांतातले नगर आहे.

स्पॅनिश सुमारे वीस देशांची राजभाषा असल्याने प्रदेशभेद टाळता येत नाही. एखाद्याची उणीव जाणवणे यासाठी स्पेनमध्ये ‘एचार दे मेनोस’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘एस्त्रान्यार’. पहिल्या प्रयोगातील ‘एचार’ (टाकणे) अर्थाशी जुळत नाही, कारण तो पोर्तुगीज ‘अशार मेनुश’ (उणे आढळणे) यावरून आलेला आहे. जिवलग मित्रांना स्पेनमध्ये ‘उन्या ई कार्ने’ (नख आणि मांस) म्हणतात, तर मेक्सिकोत ‘उन्या ई मुग्रे’ (नख आणि मळ). बस पकडणे यासाठी स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘कोहेर’ हे क्रियापद मेक्सिको व अर्जेंटिना येथे लैंगिक अर्थाचे व असभ्य आहे. तेथे ‘तोमार’ वापरावे. अमेरिका खंडांतील स्पॅनिश प्रयोगांसाठी स्पॅनिश अकादमींच्या संघटनेने 2010 मध्ये स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला.

1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीच्या कोशात शब्दसमूह शोधताना क्रियापदापाशी थांबू नये. शब्दसमूहात नाम असेल तर नोंद नामाखाली मिळते, म्हणून ‘तोमार एल पेलो’ हे ‘पेलो’खाली आणि ‘मेतेर ला पाता’ हे ‘पाता’खाली पाहावे.