२० सॉफ्टवेअर आणि १९० जोडण्या: कंपनीतल्या सिस्टीम एकमेकांशी बोलतात कशा?

ऑनलाइन फ्रीज मागवला, पैसे कटले, बँकेचा मेसेजही आला, पण वेबसाइटवर ऑर्डर अजून पेंडिंगच दिसतेय. असं झालं की आपण म्हणतो "यांची साइट गंडलीय". खरं तर वेबसाइट ठीक असते, बँकेची सिस्टीमही ठीक असते, गोदामातलं स्टॉकचं सॉफ्टवेअरसुद्धा आपलं काम नीट करत असतं. लोचा असतो या सगळ्यांच्या मधल्या जागेत, आणि या मधल्या जागेबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं जातं म्हणून हा लेख.

एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत किती सॉफ्टवेअर असतात बघा. बिलिंगचं वेगळं, स्टॉकचं वेगळं, अकाउंट्सचं, पगाराचं, कस्टमर केअरचं, डिलिव्हरीचं. काही वीस वर्षं जुनी, काही गेल्या वर्षी घेतलेली, प्रत्येक वेगळ्या कंपनीनं बनवलेलं. आता एकाला दुसऱ्याची माहिती लागली की आयटीवाले काय करतात, तर त्या दोघांमध्ये एक जोडणी लिहून टाकतात आणि काम भागतं. मग तिसऱ्याला लागते, मग चौथ्याला, आणि हे वाढतं कसं ते गणितानंच कळतं. ५ सॉफ्टवेअर प्रत्येकाशी प्रत्येक असे जोडले तर १० जोडण्या, १० असतील तर ४५, आणि २० झाले की १९०. सॉफ्टवेअर दुप्पट केले की जोडण्या चौपटीहून थोड्या जास्तच. त्यातली प्रत्येक दोन्ही दिशांनी भाषांतर करणार म्हणजे ३८० भाषांतरं, आणि ती लिहिणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे एंटरप्राइज सर्व्हिस बस, थोडक्यात ईएसबी. मधे एक सामायिक वाट टाकायची आणि प्रत्येक सॉफ्टवेअरनं फक्त त्या वाटेशी जोडायचं. २० सॉफ्टवेअर, २० जोडण्या. ही कल्पना आली कॉम्प्युटरच्या हार्डवेअरमधून. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सगळी कार्डं एकाच बसला, म्हणजे तारांच्या एका सामायिक वाटेला, जोडलेली असायची, नवीन कार्ड खोचलं की बाकीच्यांना हात लावावा लागत नसे. मग सॉफ्टवेअरचं असं का नको, हा प्रश्न ज्यांनी फार लवकर मनावर घेतला त्यांत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टीम्स या कंपनीतून त्यांनी 'द इन्फर्मेशन बस' नावाचं सॉफ्टवेअर काढलं आणि ते वॉल स्ट्रीटवर चाललं, कारण तिथल्या ट्रेडरसमोर वेगवेगळ्या पुरवठादारांचे वेगवेगळे स्क्रीन असायचे आणि भाव एका जागी दिसणं ही त्यांची खरी गरज होती. पुढे १९९४ मध्ये रॉयटर्सनं ती कंपनी घेतली आणि १९९७ मध्ये त्यातूनच टिबको सॉफ्टवेअर उभी राहिली. ईएसबी हे नाव मात्र २००२ च्या आसपास रुळलं.

बसची कामं तीन: पोचवणं, भाषांतर करणं आणि लक्षात ठेवणं. पोचवणं सोपं आहे, पोस्टाच्या सॉर्टिंगसारखं, मेसेजवर काय लिहिलंय ते बघून कुठे जायचं ते ठरतं. बाकीची दोन मात्र जरा नीट समजून घेण्यासारखी आहेत.

भाषांतराचं आपल्याकडचं अगदी चालू उदाहरण म्हणजे जीएसटीचं ई-इन्व्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सक्तीचं झालं, मग मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. बिल सरकारी पोर्टलला जेसन नावाच्या ठरलेल्या साच्यात पाठवायचं, पोर्टल ६४ अक्षरांचा एक नंबर आणि क्यूआर कोड परत देतं. आता समजा एका कंपनीत डीलरची बिलं एका सॉफ्टवेअरमध्ये बनतात, ऑनलाइनची दुसऱ्यात, स्पेअर पार्टची तिसऱ्यात. एकात राज्य 'एमएच' असं लिहिलंय, दुसऱ्यात पूर्ण 'महाराष्ट्र', आणि पोर्टलला हवाय कोड २७. तारीख एकात वर्षापासून सुरू होते, एकात दिवसापासून. बस नसेल तर तिन्ही सॉफ्टवेअर उघडून बदलायचे, आणि सरकारनं साच्यात एक रकाना वाढवला की परत तिन्ही. बस असेल तर तिन्ही आपापल्या पद्धतीनं बिल टाकतात, बस ते कंपनीच्या एका सामायिक साच्यात आणते, आणि पोर्टलशी बोलणारा अ‍ॅडॅप्टर एकच राहतो. त्या सामायिक साच्यामुळेच ३८० भाषांतरांची ४० होतात, प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक जायचं आणि एक यायचं.

भाषांतर चुकलं तर काय होतं याचा दाखला नासाकडे आहे. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ कायमचं हरवलं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या जमिनीवरच्या सॉफ्टवेअरनं थ्रस्टरच्या, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांच्या, धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि मार्ग ठरवणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले, दोन्हीत फरक सुमारे ४.४५ पट. दोन्हीकडची गणितं आपापल्या एककात बरोबरच होती, मधे एकक तपासणारं कोणी नव्हतं.

आता लक्षात ठेवणं, मला सगळ्यात आवडणारा भाग. समजा ऑर्डर आली तेव्हा गोदामाची सिस्टीम बंद आहे. बस तो मेसेज आधी डिस्कवर लिहून ठेवते, मगच पाठवणाऱ्याला "मिळालं" असं सांगते, आणि गोदाम सुरू झालं की पोचवते. इथपर्यंत ठीक. पण बसनं मेसेज पोचवला आणि गोदामाकडून पोच आलीच नाही तर? मेसेज वाटेत हरवला असेल, किंवा मेसेज पोचला पण पोचपावती हरवली असेल. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं आणि नुसती वाट बघून यातलं काय झालं ते कळू शकत नाही, नेटवर्क कितीही महागाचं असलं तरी. परत पाठवला तर कदाचित दोन फ्रीज निघतील, नाही पाठवला तर कदाचित एकही नाही. म्हणून बस परत पाठवणंच पसंत करते, आणि दुसरी जबाबदारी घेणाऱ्यावर येते: प्रत्येक मेसेजला स्वतःचा नंबर असतो, गोदामानं तो नोंदवून ठेवायचा आणि तोच नंबर पुन्हा आला तर काम परत न करता फक्त पोच द्यायची. एवढी एक शिस्त पाळली की ग्राहकाचे पैसे दोनदा कटणं, दोन पार्सल येणं हे प्रकार जवळजवळ थांबतात, आणि ती पाळली जात नाही तिथे ग्राहक भरडला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. काही केल्या पोचत नाहीत असे मेसेज बस वेगळ्या रांगेत काढून ठेवते, आणि ती रांग रोज कुणीतरी माणसानं बघावीच लागते.

मग एवढं चांगलं असून बसचं नाव मधे खराब का झालं? कारण लोकांनी तिच्यात हुशारी भरायला सुरुवात केली. कुणाला किती सूट द्यायची, कुठल्या ऑर्डरला मॅनेजरची मंजुरी लागते, असे धंद्याचे नियम बसमध्ये लिहिले गेले. मग कुठलाही छोटा बदल करायचा म्हटलं की बस सांभाळणाऱ्या एका टीमपुढे सगळ्या कंपनीची रांग, आणि बस पडली की सगळंच पडलं. २०१४ मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअरमधल्या जाणकारांनी मायक्रोसर्व्हिसेसवर, म्हणजे एका मोठ्या सॉफ्टवेअरऐवजी छोटे स्वतंत्र तुकडे करण्याच्या पद्धतीवर, लिहिताना याच्या उलट बाजू घेतली, की हुशारी टोकांना ठेवा आणि मधली नळी साधी ठेवा. लिंक्डइनमध्ये बनलेलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं काफ्का हे मेसेज नेणारं सॉफ्टवेअर बरंचसं अशी साधी नळी आहे. माझं मतही तेच, बसनं न्यावं, भाषांतर करावं, लक्षात ठेवावं, आणि निर्णय ज्या त्या सॉफ्टवेअरनं घ्यावेत.

पण भाषांतराची गरज काही संपली नाही. २०१८ मध्ये सेल्सफोर्सनं याच कामातली म्यूलसॉफ्ट कंपनी साधारण ६५० कोटी डॉलरना विकत घेतली. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय मेसेज नेटवर्कवरून देशोदेशीच्या बँका जे पेमेंटचे मेसेज पाठवतात ते मार्च २०२३ पासून जुन्या साच्यातून आयएसओ २००२२ या नव्या साच्यात यायला लागले, नोव्हेंबर २०२५ पर्यंत दोन्ही सोबत चालले, आणि जुन्या कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरला, एका रात्रीत बदलणं शक्य नसलेल्या बँकांना मधल्या भाषांतराच्या थरावरच विसंबावं लागलं.

तुमच्या कंपनीत तीन-चारच सॉफ्टवेअर असतील तर मात्र बसच्या नादी लागू नका. ४ सॉफ्टवेअरच्या जोडण्या जास्तीत जास्त ६ होतात, त्या सरळ लिहा, नीट कागदावर नोंदवा, आणि प्रत्येक मेसेजला नंबर द्यायची सवय आत्तापासूनच लावा.