फोटो काढला म्हणजे नवीन प्रजाती सापडली असं नसतं

पावसाळा आला की आपल्या नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अंबाझरी नाहीतर गोरेवाड्याचा एखादा कोळी, सरडा फिरतो, "नवीन प्रजाती सापडली" म्हणून. नुसत्या फोटोवरून असं ठरत नाही हो. आधी तो नमुना म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघतात, दात, कवटी, खवले मोजतात, आता डीएनए पण, मग वर्णन छापून येतं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून कायमचा जपतात, तेव्हा कुठं नाव धरलं जातं. 2012 च्या एका अभ्यासात नमुना मिळण्यापासून वर्णन छापेपर्यंत सरासरी 21 वर्षं निघाली!

ओलिंगिटोचंच घ्या ना. अँडीजच्या ढगाळ जंगलातला हा प्राणी 2013 मध्ये जाहीर झाला, पण त्याच्या कातड्या न् कवट्या अमेरिकेतल्या म्युझियममध्ये कित्येक दशकं ओलिंगो, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा रॅकूनच्या कुळातला दुसरा प्राणी, समजून पडून होत्या, एक मादी तर तिथल्या झूंमध्ये फिरवली, ओलिंगोसोबत पिल्लं होईनात आणि का ते कुणाला कळेना, जातच वेगळी होती ना!

म्हणून अजब बंगल्यात, आपल्या नागपूरच्या म्युझियममध्ये, गेलात तर भुसा भरलेले प्राणी म्हणून पुढं सरकू नका, पाटी वाचा. कुठं, कधी मिळाला हे लिहिलेलं नसेल तर चांगला नमुना पण अशा अभ्यासाला फारसा कामाचा राहत नाही.